तीनशे कोटी अक्षरांची पोथी



महासंगणक म्हटला की लोक पहिला प्रश्न करतात तो वेगाचा. आम्हांला आज दुसराच प्रश्न करावयाचा आहे : त्याच्या पोटातले ज्ञान कोणाचे?

मनुष्याच्या पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांची एक पोथी असते. तिला जनुकसंच म्हणतात. ती तुकड्यातुकड्यांनीच वाचावी लागते. एका पोथीच्या अनेक प्रती फाडाव्या, चिठोऱ्या मिसळाव्या आणि कडेची अक्षरे जुळवीत मूळ पोथी लावावी, तसे हे काम. त्यात जवळजवळ निम्मी पोथी पुनरुक्तीची! हातात ध्रुपदाचा तुकडा आला, पण तो कोणत्या कडव्यानंतरचा, हे कसे ओळखावे?

२००० साली घोडे येथेच अडले होते. क्रेग व्हेंटर यांची सेलेरा कंपनी बलाढ्य संगणक घेऊन याच कामाला लागली होती, आणि तिची माहिती हवी तर पैसे मोजणे आले. सार्वजनिक प्रकल्पाजवळ सुमारे ४ लाख तुकडे नुसते पडून होते. तेव्हा कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ विद्यापीठाचा जिम केंट हा चाळिशीचा विद्यार्थी (हो, विद्यार्थीच!) महिनाभर आज्ञावली लिहीत बसला. रात्री दुखरी मनगटे बर्फात ठेवावी लागत. १०० साध्या संगणकांची त्याने मोट बांधली; २२ जूनला पहिली जुळणी झाली आणि ७ जुलैला ती जगाला फुकट खुली झाली.

पुणेकरांना ही युक्ती परकी नाही. अमेरिका हवा तो क्रे महासंगणक देईना, म्हणून १९८८ साली येथे सी-डॅक निघाली, आणि १९९१ साली विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' उभा राहिला, तोही लहान लहान प्रोसेसरांची जूट जमवूनच.

आता १० हजार भारतीयांचे जनुकसंच जीनोम-इंडिया प्रकल्पाने वाचले असून, ती माहिती फरीदाबादच्या जैविक माहिती केंद्रात आहे. येथे केंटचे औदार्य जसेच्या तसे चालणार नाही. चोरीस गेलेला पैसा पुन्हा मिळवता येतो. उघडा पडलेला जनुकसंच बदलून मिळत नाही, आणि त्यात भावंडांचेही गुपित असते. तेव्हा कुलूप हवेच. मात्र अर्ज करणाऱ्याला किल्ली किती दिवसांत मिळते, आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाला त्या यंत्रावर चार तास मिळतात की नाही, हे आम्ही विचारीत राहणार. रक्त दिले आहे ते लोकांनी.