दुखतो गुडघा, दुखणं खुब्यात

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा मुलगा तेराव्या वर्षी लंगडायला लागला. दुखायचा गुडघा. चार महिने तेल चोळलं. गुडघ्याचा एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. आम्हीच म्हणालो, शाळा बुडवायचे बहाणे असतील. त्याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

दुखणं खुब्यात होतं. वाढीच्या वयात, साधारण १० ते १५ वर्षांत, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कधीकधी जागचा सरकतो. पाऊल बाहेर वळतं, कळ मात्र गुडघ्यातही येऊ शकते. गोळा आणखी सरकू नये म्हणून डॉक्टर स्क्रू घालतात. स्क्रूने गोळा मागे जात नाही, आहे तिथे धरला जातो. म्हणूनच लवकर जायचं. थोडाच सरकला असताना धरला, तर बहुतेक मुलं पुढे नीट कामंधामं करतात. फार सरकला, किंवा गोळ्याचं रक्त तुटलं, तर तरुणपणीच सांधा झिजतो. कधी बदलावाही लागतो.

तो मुलगा आता वीस वर्षांचा आहे. सायकल चालवतो, उकिडवं बसणं मात्र जड जातं. दुसरा खुबाही सरकू शकतो, म्हणून वाढ थांबेपर्यंत ताई मजुरी बुडवून त्याला तपासणीला नेत राहिल्या.

तुमचं पोर लंगडत असेल तर चोळत बसू नका. दोन्ही खुब्यांचाही एक्स-रे काढायला सांगा. आणि अचानक पाय टेकवेनासा झाला, तर चालवू नका, त्याच दिवशी उचलून दवाखान्यात न्या.