वंशसंहाराचा अपराध आणि रेंगाळलेला न्याय
(पुणे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



१६ डिसेंबरला, विजय दिवशी, पुण्याच्या युद्धस्मारकावर पुष्पचक्रे वाहिली जातात. १९७१चे ते युद्ध तेरा दिवसांत निकाली निघाले. परंतु ज्या घोर अपराधामुळे ते ओढवले, त्याचा निवाडा न्यायासनापुढे होण्यास चार दशके लागली. आणि तोही अपुराच झाला. असे का घडले?

हा अपराध जगाच्या वेशीवर टांगणाऱ्या पत्रकाराचा जन्म आपल्या बेळगावचा. अँथनी मस्करेन्हस त्यांचे नाव. ते कराचीत पत्रकारिता करीत. एप्रिल १९७१मध्ये पाकिस्तानी सैन्याने आठ पत्रकारांना पूर्व बंगालमध्ये नेले, ते अनुकूल वृत्तान्त लिहून घेण्यासाठी. मस्करेन्हस यांच्या सद्सद्विवेकाला ते मानवले नाही. त्यांनी कुटुंबास लंडनला पाठविले आणि मग स्वतः देश सोडला. १३ जून १९७१ रोजी लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये त्यांचा लेख एकाच शब्दाच्या मथळ्याखाली प्रसिद्ध झाला : ‘जेनोसाइड’. वंशसंहार!

हा शब्द आपण सैलपणे वापरतो. कायदा तो सैलपणे वापरत नाही. १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार एखाद्या राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूहाचा, समूह म्हणूनच, पूर्णतः वा अंशतः नाश करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. राजकीय विरोधकांची हत्या कितीही भीषण असली तरी या व्याख्येत बसत नाही. पूर्व बंगालमध्ये मुसलमान बंगालीही मोठ्या संख्येने मारले गेले, हे विसरता येणार नाही. मात्र हिंदूंना ते केवळ हिंदू आहेत म्हणून वेचले गेले. म्हणूनच जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने १९७२च्या अहवालात म्हटले की, तेथील हिंदूंविरुद्ध वंशसंहाराचा गुन्हा घडल्याचे मानण्यास सबळ प्रथमदर्शनी आधार आहे.

मग खटला का झाला नाही? १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटला चालविण्याचा बांगलादेशाचा निर्धार होता. ते कैदी भारताच्या ताब्यात होते. ११ मे १९७३ रोजी पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि कशाच्या आधारे? त्याच वंशसंहारविरोधी कराराच्या! आरोपींना बांगलादेशाच्या हवाली करू नये, ही त्याची मागणी. भारताने न्यायालयाचा अधिकारच अमान्य केला. अखेर वाटाघाटी सुरू झाल्या आणि डिसेंबर १९७३मध्ये पाकिस्तानने दावा मागे घेतला. ९ एप्रिल १९७४च्या दिल्ली कराराने बांगलादेशाने खटल्यांचा आग्रह सोडला आणि ते १९५ जण मायदेशी परतले. एकालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले नाही.

मागे उरले ते त्यांचे स्थानिक साथीदार. त्यांच्यासाठी २०१०मध्ये शेख हसीना यांच्या शासनाने ढाक्यात ‘आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरण’ स्थापन केले. नाव आंतरराष्ट्रीय, न्यायालय मात्र बांगलादेशाचेच. त्याच्यापुढे सलाहुद्दीन कादेर चौधुरी उभे राहिले. अनेकदा खासदार, एकेकाळचे मंत्री, पंतप्रधान खालिदा झिया यांचे सल्लागार. चितगावनजीक राउजानमधील हिंदूंचे हत्याकांड आणि १३ एप्रिल १९७१ रोजी नूतनचंद्र सिंह यांची हत्या, हे त्यांच्यावरील आरोपांपैकी होते. नूतनचंद्र हे कुंडेश्वरी औषधालयाचे संस्थापक. मुलींच्या शिक्षणासाठी झटलेला वृद्ध. इतर लोक निघून गेले तरी ते आपल्या गावीच राहिले. त्या काळात आपण पश्चिम पाकिस्तानात होतो, हा चौधुरींचा बचाव न्यायालयाने फेटाळला. १ ऑक्टोबर २०१३ रोजी ते दोषी ठरले. २२ नोव्हेंबर २०१५ रोजी फाशी गेले.

येथे समाधान मानून थांबावे काय? या न्यायाधिकरणाच्या कार्यपद्धतीवर जगातील मानवाधिकार संघटनांनी आक्षेप घेतले होते. पुढे २०२४मध्ये सत्ता पालटली. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमातचे नेते अझहरुल इस्लाम यांना निर्दोष सोडले. याच न्यायाधिकरणाने त्यांना देहदंड दिला होता. आणि १७ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच न्यायाधिकरणाने, २०२४च्या आंदोलनातील हत्यांबद्दल, शेख हसीना यांनाच त्यांच्या अनुपस्थितीत मृत्युदंड सुनावला. हसीनांच्या दोषादोषाचा विचार वेगळा. पण न्यायासन सत्तेबरोबर फिरते अशी शंका एकदा आली, की खऱ्या निकालांवरही तिची छाया पडते. त्याची किंमत नूतनचंद्रांसारख्यांच्या स्मृतीला मोजावी लागते.

सज्जनहो, १९७४मध्ये सोयीसाठी टाळलेला न्याय पुढे राजकारणाच्या हाती गेला. साक्षीदार वारले, कागद हरवले, मुख्य आरोपी निसटले. म्हणून केवळ संताप पुरेसा नाही. तेव्हा सीमा ओलांडून आलेल्यांपैकी जे हयात आहेत, त्यांच्या साक्षी नाव, गाव, तिथीनिशी, अतिशयोक्तीचा एकही शब्द न घालता नोंदविल्या पाहिजेत. बेळगावच्या त्या सुपुत्राने एकट्याने हेच केले होते. तेवढे तरी आपल्याला जमू नये काय?