सडपातळ टॉवर: स्टील की काँक्रीट?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, बारीक टॉवर बांधायचा तर स्टीलच हवं ना? हलकं आणि दणकट!" कॉलेजात मलाही तसंच वाटायचं.

तर चला न्यूयॉर्कला. तिथला 111 वेस्ट 57 स्ट्रीट हा टॉवर 435 मीटर उंच आणि रुंदीला जेमतेम 18 मीटर. शाळेतली फूटपट्टी उभी धरा, हा तिच्याहून दुप्पट बारीक. आणि सांगाडा? काँक्रीटचा!

कारण पडण्याची काळजी दोन्हींत मिटवता येते, खरा घोळ डुलण्याचा आहे. वारा इमारतीच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सोडत जातो. त्यांची लय इमारतीच्या लयीशी जुळली, की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्के द्यावेत तसं होतं. इमारत सुरक्षितच असते हो, पण वर पलंगावर पडलेल्या माणसाला मळमळायला लागतं.

हे लोकांना किती जाणवतं? 1965 मध्ये अमेरिकेतल्या युजीन गावात एक भारी प्रयोग झाला. डोळे फुकट तपासून देतो म्हणून लोकांना बोलावलं आणि ती खोलीच गुपचूप हलवली! लोकांना अपेक्षेपेक्षा फार लवकर गरगरलं. ही तयारी होती वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या स्टीलच्या टॉवर्ससाठी. मग त्यांच्यात हेलकावे जिरवणारे हजारो डॅम्पर बसवावे लागले. आणि ती तर ऑफिसं होती, माणसं संध्याकाळी घरी जायची. 57 स्ट्रीटवर लोक वादळाच्या रात्रीही वरच झोपणार.

इथे काँक्रीटचं वजन कामी येतं. रिकामी बादली बोटाने सरकते, भरलेली सरकत नाही, तसंच. शिवाय काँक्रीट हेलकावे स्टीलपेक्षा जास्त जिरवतं. घरांसाठी आणखी एक फायदा: सपाट स्लॅब टाकला की खाली बीम लोंबत नाहीत, तेवढ्याच उंचीत छत वर जातं. एवढं करूनही त्या टॉवरच्या माथ्यावर 800 टनांचा डॅम्पर आहेच. इमारत एकीकडे झुकली, की तो उलट बाजूला ओढतो.

मग स्टील बाद? छे! खांबांशिवाय मोठाले हॉल हवेत, काम झटपट उरकायचंय, तर मी स्टीलच घेईन. काँक्रीटचे खांब आणि भिंती खाली इतक्या जाड होतात, की विकायची जागाच खातात. बिल्डरला ते फार टोचतं.

पण घर असेल आणि इतकं बारीक असेल, तर माझं मत काँक्रीटला. तुम्ही स्टीलवालेच असाल, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात भांडू!