खुबा मोडलेली आजी ‘नाही दुखत’ म्हणते तेव्हा

आजचा विषय अगदी घरातला आहे. जुन्नर-आंबेगावातल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असं असतं, की आपण कामाला चाकणला नाहीतर पुण्याला, आणि आजी-आजोबा गावी. मग एक दिवस फोन येतो: आजी अंगणात घसरली, खुबा मोडला. मंचरला, नारायणगावला किंवा थेट पुण्यात ऑपरेशन होतं. काही दिवसांत डिस्चार्ज मिळतो आणि गोळ्यांची पिशवी तुमच्या हातात येते, कारण पाकिटावरचं बारीक इंग्रजी वाचणारे घरात तुम्हीच. त्या पिशवीचं काय करायचं, ते आज बोलू.

आधी हे लक्षात घ्या, की दुखणं कमी करायचं ते आजीला उठता यावं म्हणून. दुखतं म्हणून माणूस हलत नाही. हललं नाही की छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, मांडीतली ताकद जाते. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २०११ मध्येच डॉक्टरांना सांगितलं, की ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून पेशंटला उठवायला लागा. आपल्याकडे भेटायला आलेले पाहुणे सांगतात, “हाड जुळेपर्यंत हलू नको.” पाहुण्यांना चहा पाजा, पण पायावर भार कधी आणि किती टाकायचा ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

आता खरी अडचण. आजी सांगतच नाही! गुडघाभर चिखलात भाताची आवणी केलेली ही माणसं. “दुखतंय” म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटतं, शिवाय पोरांच्या खर्चाची काळजी. म्हणून “दुखतंय का?” असं विचारू नका. “रुपयात किती आणे दुखतंय?” असं विचारा, लगेच उत्तर येईल. आणि दोनदा विचारा: पडल्या पडल्या किती, आणि कुशीवर वळताना किती? पडून दोन आणे आणि वळताना बारा आणे असेल, तर औषध पुरत नाहीये. विसरभोळेपणा वाढलेले आजोबा असतील तर चेहरा बघा. कण्हणं, हात लावू न देणं, जेवण टाकणं, उगाच चिडणं, हे सगळं दुखण्याचंच बोलणं असतं.

आता गोळ्या. पहिल्या काही दिवसांत मुख्य आधार असतो पॅरासिटामॉलचा. कळ आल्यावर देण्यापेक्षा चिठ्ठीत लिहिलेल्या वेळेला द्या, मोबाईलवर अलार्म लावा. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम. कमी वजनाच्या, थकलेल्या आजीला त्याहून कमी, किती ते डॉक्टर ठरवतील. इथे एक घोळ होतो. क्रोसिन, डोलो ही नावं वेगळी, पण आत पॅरासिटामॉलच. दुखण्याच्या बऱ्याच जोडगोळ्यांतही ते असतं. वरून तापाची गोळी दिली की डोस दुप्पट, आणि भार लिव्हरवर. पाकीट उलटं करून वाचा.

डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांची भीती वेगळी. म्हाताऱ्या शरीरात यांच्यामुळे जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर ताण येतो. बीपीची, हृदयाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर धोका आणखी वाढतो. दुकानातून आपल्या मनाने आणू नका, “एक सुई मारा” असा हट्टही नको.

ट्रामाडॉलसारखी जोरकस गोळी दिली असेल, तर गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठ आणि कधी कधी भ्रम होतो. पोट साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या. आजी अचानक असंबद्ध बोलू लागली तर “वय झालं” म्हणून सोडू नका. त्यामागे औषध, इन्फेक्शन किंवा न सांगितलेलं दुखणंही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

गोळीच्या वेळेशी कामाची वेळ जुळवा. व्यायामाच्या किंवा वॉकर घेऊन चालण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी डोस पोटात गेलेला बरा. पुण्याहून डिंभ्याकडे किंवा आपटाळ्याकडे गाडीने निघतानाही तसंच. ठरलेला डोस घेऊनच निघा, वाटेत चुकवू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं चालतो. तेल लावून खुबा किंवा पोटरी चोळू नका, पोटरीत गुठळी असेल तर जिवावर बेततं. उकिडवं किंवा मांडी घालून बसायला डॉक्टर हो म्हणेपर्यंत कमोडची खुर्ची आणा.

ऑपरेशननंतरचा ठणका दिवसागणिक उतरायला हवा. तो उलट वाढला, जखमेतून पू आला, ताप आला किंवा एका पोटरीला सूज आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाय अचानक आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट १०८ ला फोन लावा.

आज रात्री गावी फोन कराल तेव्हा “बरी आहेस ना?” एवढ्यावर ठेवू नका. आण्यांचा हिशोब विचारा, आज किती पावलं चालली ते विचारा. हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!