सहाध्यायी परीक्षक

जुन्या गांवठी शाळेंत पंतोजी एकटे आणि मुलें पुष्कळ असत. पंतोजी एकाला कित्ता घालून देत, तोंवर एखादा थोरला मुलगा धाकट्यांच्या धूळपाट्या पाही आणि चुकलेलें अक्षर पुसून पुन्हां काढवून घेई. ही सोय गरजेंतून निघाली होती. तिला शास्त्र असें कोणी म्हटलें नव्हतें. तो मान तिला एका स्कॉटिश धर्मोपदेशकामुळें मिळाला. इ. स. १७८९ मध्यें अँड्र्यू बेल हे मद्रासच्या एगमोर भागांतील अनाथ मुलांच्या आश्रमाचे अधीक्षक झाले. एका देशी शाळेंत मुलें वाळूवर बोटानें अक्षरें गिरवीत असलेलीं त्यांनीं पाहिलीं आणि ती रीत आश्रमांत आणण्याचें ठरविलें. हाताखालचे शिक्षक नाखूष दिसले, तेव्हां त्यांनीं तें काम जॉन फ्रिस्केन नांवाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्यावर सोंपविलें, आणि तें साधलें. १७९७ सालीं लंडनमध्यें त्यांनीं या प्रयोगावर पुस्तक छापलें व ‘मद्रास पद्धति’ विलायतेंत पोंचली.

तीच कल्पना आतां संगणकाच्या वाटेनें परत आली आहे. २०२० च्या मार्चमध्यें कोविडमुळें शाळा-कॉलेजांना कुलुपें लागलीं आणि नागपूरचे वर्गहि पडद्यावर भरूं लागले. कुलुपें पुढें निघालीं, पण इंटरनेटवरून अभ्यास देण्या-घेण्याची संवय राहिली. या कामासाठीं ज्या प्रणाली वापरल्या जातात, त्यांत ऑस्ट्रेलियांतील मार्टिन डुगियामस यांनीं रचलेली, २००२ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेली ‘मूडल’ ही मोफत प्रणाली प्रमुख आहे. तिच्यांत ‘वर्कशॉप’ नांवाची एक सोय आहे. तिच्या योगानें विद्यार्थीच एकमेकांचे निबंध तपासतात.

समजा, सीताबर्डीवरील एखाद्या कॉलेजांत साठ विद्यार्थ्यांचा वर्ग आहे आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीवर निबंध लिहावयाचा आहे. एका निबंधास दहा मिनिटें धरलीं, तरी अध्यापकाचे दहा तास गेले. प्रत्येकानें सोबत्यांचे तीन निबंध तपासले, तर कोणाचाहि अर्ध्या तासाहून फार वेळ जात नाहीं, आणि प्रत्येक निबंधास तीन वाचक मिळतात. परंतु वेळ वांचतो एवढ्यावरच जो भुलला, त्याला या पद्धतीचें मर्म कळलें नाहीं. दुसऱ्याच्या लेखांतील ढिलाई ज्याच्या डोळ्यांना टोंचूं लागली, त्याला स्वतःच्या लेखांतीलहि दिसूं लागते. खरा लाभ हा आहे.

या कामाचे टप्पे पांच: मांडणी, लेख सादर करणें, परीक्षण, परीक्षणांचें मूल्यमापन आणि समाप्ति. यांपैकीं मांडणीवर सर्व भिस्त असते. निबंध कोणत्या कसोट्यांवर पाहावयाचा, हें अध्यापकानें अगोदर लिहून ठेवावयाचें असतें. ‘निबंध चांगला आहे काय?’ हा प्रश्न निरुपयोगी होय. ‘मिरवणुकीचा क्रम वाचकाला समजतो काय? लेखकानें स्वतः पाहिलेलें निदान एक दृश्य आलें आहे काय? मारबत गांवाबाहेर कां नेतात, हें सांगितलें आहे काय?’ असे प्रश्न असावेत. नमुन्याचा एखादा निबंध सर्वांकडून आधीं तपासून घ्यावा, म्हणजे हात बसतो. वांटणी संगणकावर सोडावी. मित्रानें मित्राचाच निबंध उचलावा, असें होऊं देऊं नये.

परीक्षण करणाऱ्यालाहि गुण असतात. बदल न केल्यास प्रणाली निबंधाला ऐंशी आणि परीक्षणाला वीस गुण राखते. एकाच निबंधाला तिघांनीं दहापैकीं सात, आठ आणि दोन गुण दिले, तर दोन देणारा इतरांपासून दूर पडला असें ती मानते आणि त्याच्या परीक्षणाचे गुण घटवते. पण तो निबंध दुसरीकडून उतरवलेला असला आणि तें त्या एकट्याच्याच ध्यानांत आलें असलें, तर? बहुमत आणि न्याय या दोन वस्तु नेहमीं एका घरीं नांदत नाहींत. अशा वेळीं अध्यापकानें तो निबंध स्वतः वाचावा आणि आपल्या परीक्षणाला अधिक वजन द्यावें. प्रणालींत तशी तरतूद आहे.

परीक्षकाचें नांव झांकावें कीं नाहीं, हाहि प्रश्न उरतो. ९ ऑगस्ट २०११ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, माहितीच्या अधिकाराखालीं परीक्षार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहतां येते. मात्र परीक्षकाची ओळख पटेल असा भाग झांकावा. हा खटला सार्वजनिक परीक्षांसंबंधीं होता, तरी त्यांतील शहाणपण वर्गालाहि लागू पडतें. शेरा उघड असावा, शेरा देणारा पडद्याआड असावा. मात्र पडदा अध्यापकापुरता नसावा; झांकल्या नांवाआडून कोणी विखार ओकला, तर जाब विचारतां आला पाहिजे.

विखार कोठें उमटतो, तें नागपूरकरांना सांगावयास नको. या शहरांतील वर्गांत भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली बोलणारा मुलगा आणि पुण्याकडचें वळण घरांत असलेली मुलगी एकाच बांकावर बसतात. त्या मुलानें डोळ्यांनीं पाहिलेली मारबत जिवंत उतरविली आणि त्याला शेरा मिळाला ‘भाषा गांवढळ’, तर पुढला निबंध तो कोणाच्या तरी वहीवरून उतरवील. परीक्षणानें त्याचें लेखन सुधारलें नाहीं. त्याला गप्प बसविलें. म्हणून कसोट्या लिहितांनाच सांगावें कीं, मजकूर तपासावयाचा आहे, कोणाचें घर नव्हे. आणि प्रत्येक परीक्षकाला आधीं एक साधलेली गोष्ट व नंतर सुधारण्याजोगी एकच गोष्ट लिहावयास लावावें.

थोरला मुलगा चुकलेलें अक्षर नुसतें पुसून थांबत नसे. धाकट्याकडून तें पुन्हां काढवून घेई. वाळूच्या जागीं पडदा आला, तरी परीक्षकाचें काम पालटलेलें नाहीं. पुसणें सोपें आहे. पुन्हां काढवून घेणें, यालाच शिकविणें म्हणतात.