मेंदूतल्या एका विकराचा पत्ता



कामठीच्या किशोरीताई भोयर औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातले संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी पांढऱ्या उंदरांवर केलेले प्रयोग २०११ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. भूक, तहान, झोप यांची सूत्रे तिथून हलतात. त्यातल्या पॅराव्हेंट्रिक्युलर नावाच्या इवल्याशा केंद्रकात ॲग्मॅटिन हा पदार्थ सोडला, तेव्हा उंदीर जास्त खाऊ लागले. भूक चाळवणाऱ्या न्यूरोपेप्टाइड-वाय या रेणूचा यात हात आहे, हेही त्या प्रयोगांनी दाखवले. त्याआधी २०१० साली याच गटाने दारू तोडल्यावर होणारी बेचैनी आणि ॲग्मॅटिन यांचा संबंध उंदरांमध्ये तपासला होता. नागपूरच्या वेशीवर चाललेल्या या कामाची वार्ता मराठी वाचकापर्यंत पोचायला हवी, आणि ती नुसत्या अभिमानाच्या सुरात नव्हे तर त्यातल्या प्रश्नांसकट पोचायला हवी.

ॲग्मॅटिन ओळखीचे झाले ते १९१० साली. अल्ब्रेख्त कोसेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते हेरिंग माशाच्या शुक्राणूंत शोधले. पेशींच्या रसायनशास्त्रातल्या कामासाठी त्याला त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कित्येक दशके हा जीवाणूंचा, वनस्पतींचा पदार्थ असे समजून सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. १९९४ साली न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात डोनाल्ड रीस, एस. रघुनाथन आणि सहकाऱ्यांना ते गायीच्या मेंदूत सापडले. हे संशोधक शोधत होते भलतेच काही: रक्तदाबाच्या क्लोनिडिन या औषधाला त्याच्या जागेवरून हटवणारा शरीरातलाच पदार्थ कोणता?

पदार्थ मेंदूत आहे एवढे कळले, की लगेच विचारायला हवे की त्याची विल्हेवाट कोण लावते.  ॲग्मॅटिन फोडून त्याचे प्युट्रेसीन आणि युरिया करणारे विकर म्हणजे ॲग्मॅटिनेज. माणसातल्या या विकराचे जनुक २००२ साली हाती आले. त्याचा संदेश, म्हणजे आरएनए, सर्वाधिक सापडला यकृतात आणि मूत्रपिंडात. मेंदूचा क्रमांक बराच खाली.

इथे घाईने निष्कर्ष काढणारा फसतो. अख्खा मेंदू वाटून त्यातले विकर मोजले तर हाती सरासरी येते, आणि शहराच्या सरासरी पावसावरून कोणत्या गल्लीत पाणी तुंबले ते कधी कळत नाही. म्हणून मेंदूचे पातळ काप घ्यावे लागतात. त्या विकरालाच चिकटणारे प्रतिपिंड त्यांवर सोडायचे आणि रंग कुठे उमटतो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. प्रतिपिंड खरोखर त्याच विकराला चिकटले का, याची खातरजमा करण्यात महिने जातात. कंटाळवाणे वाटणारे हे काम नीट झाले नसेल तर पुढचा सगळा डोलारा पोकळ.

पत्ता कळल्याने काय बदलते, याचे सर्वांत चांगले उदाहरण ग्लुटामिन सिंथेटेज या विकराचे आहे. मेंदूत युरिया बनवण्याचे पूर्ण चक्र चालत नाही, त्यामुळे तिथला अमोनिया आवरण्याची मुख्य जबाबदारी याच विकरावर पडते. १९७७ साली मार्टिनेझ-हर्नांडेझ, बेल आणि नोरेनबर्ग यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले की ते चेतापेशींत नसून त्यांच्या सोबतीला असणाऱ्या ग्लिया पेशींत, मुख्यतः ॲस्ट्रोसाइटमध्ये, असते. यकृत निकामी झालेला रुग्ण भ्रमिष्ट का होतो, बेशुद्धीत का जातो, याचा उलगडा त्यामुळे सोपा झाला. रक्तातला अमोनिया मेंदूत शिरतो, ॲस्ट्रोसाइट तो ग्लुटामिनमध्ये बांधतात आणि त्या भरात स्वतःच फुगतात. कावीळ विकोपाला गेलेल्या माणसाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकांना जे दिसते, त्याचे एक मूळ या तारकाकृती पेशींत आहे.

ॲग्मॅटिनेजचा पत्ता वेगळाच निघाला. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या हान्स-गेर्ट बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मानवी मेंदूंचे काप तपासले. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये हे विकर त्यांना इंटरन्यूरॉन या, आसपासच्या चेतापेशींवर लगाम ठेवणाऱ्या, छोट्या पेशींत दिसले. २०१२ सालच्या त्यांच्या निबंधाप्रमाणे नैराश्य आणि तत्सम भावविकार असलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्याचे प्रमाण ठळकपणे वाढलेले होते. ॲग्मॅटिन प्राण्यांमध्ये नैराश्य कमी करते असे अनेक प्रयोग सांगतात. मग ते फोडणारे विकर वाढले म्हणजे आधार घटला, असा तर्क करण्याचा मोह होतो. तर्क आकर्षक आहे, पण मृत मेंदूच्या कापावरून आधी काय झाले आणि नंतर काय, हे ठरत नाही. विकर वाढल्याने आजार झाला की आजारामुळे विकर वाढले, हे वेगळे सिद्ध करावे लागेल.

दुसऱ्या टोकाला गोष्ट आणखी गुंतलेली आहे. शेंगदाणे, तीळ, डाळी यांतून मिळणाऱ्या आर्जिनिनपासून ॲग्मॅटिन बनवणारे विकर म्हणजे आर्जिनिन डीकार्बोक्सिलेज. माणसातले त्याचे जनुक सापडले म्हणून आनंद झाला होता, त्याला तेच नावही मिळाले. मात्र त्या प्रथिनाला आर्जिनिन फोडताच येत नाही, असे पुढच्या प्रयोगांत आढळले. ते प्युट्रेसीनसारख्या पॉलिअमाइनच्या निर्मितीवर नियंत्रण ठेवणारे निघाले आणि आता अँटिझाइम इन्हिबिटर-२ म्हणून ओळखले जाते. म्हणजे त्या जुन्या नावावर विसंबून मेंदूत ‘ॲग्मॅटिन बनवणाऱ्या पेशी’ रंगवलेले नकाशे नव्याने वाचावे लागतात. ॲग्मॅटिनचा काही वाटा आतड्यातले जीवाणू आणि आहार यांतून येतो, हेही हिशेबात धरायला हवे.

नागपूर-कामठीच्या प्रयोगांचे मोल इथे कळते. पदार्थ संपूर्ण मेंदूभर न पसरवता नेमक्या एका केंद्रकात सोडणे हे अवघड, कसबाचे काम आहे. त्या केंद्रकातल्या कोणत्या पेशी ॲग्मॅटिन साठवतात, कोणत्या फोडतात, भुकेल्या आणि तृप्त उंदरात ॲग्मॅटिनेज कमी-जास्त होते का, हे पुढचे प्रश्न. ते सोडवण्यासाठी लागणारे सूक्ष्मदर्शक, काप काढणारे यंत्र आणि तयार हात विदर्भात आहेत. मानवी ऊतीसाठी बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने १९९५ सालापासून मेंदूपेढी चालवली आहे. विदर्भातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी तिच्याशी नाते जोडावे. देहदानाचे अर्ज भरून घेताना मेंदूदानाबद्दलही कुटुंबांशी शांतपणे, मराठीत बोलावे. आणि इथे जमलेल्या लेखकांनी प्रयोगशाळेत जाऊन एक काप कापण्यापासून रंग उमटेपर्यंतची सगळी प्रक्रिया स्वतः पाहावी, मगच लिहायला बसावे.