अंगठ्याच्या नखातली रेघ
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत, पण मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय. तेव्हा लवकर आटपतो.

मी त्वचारोगतज्ज्ञ. तुम्ही भेटलात की केसगळती नाहीतर वांग, एवढंच विचारता. आज मेलॅनोमाबद्दल बोलतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. 'गोऱ्यांचा आजार' म्हणून आम्ही तो शिकलो. आपल्याकडे कमी, हे खरंच. पण होतो तेव्हा बऱ्याचदा जिथे ऊन लागत नाही तिथे होतो : तळपाय, तळहात, नखाखाली. गायक बॉब मार्ली १९८१ साली, ३६व्या वर्षी याच प्रकाराने गेला. सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती.

शाळेमागे राहणारी माझी आत्या तुम्हाला आठवत असेल. मधल्या सुट्टीत तिचे लाडू तुम्ही सगळ्यांनी खाल्लेत. मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असताना तिने मला अंगठ्याच्या नखातली काळी रेघ दाखवली. "ठेच लागली असेल गं, रक्त साकळलंय," मी रुबाबात सांगितलं. डॉक्टर भाचा म्हणाला म्हणून ती निर्धास्त राहिली. पुढे रेघ नखाबाहेर कातडीवर उतरली, जांघेत गाठ आली. तेव्हा पसरलेल्या मेलॅनोमाला डकार्बाझिनखेरीज फारसं काही नव्हतं, आणि बहुतेक रुग्ण वर्षही काढत नसत. तिने पुढची दिवाळी पाहिली नाही.

आज चित्र पार बदललंय. बाईंनी नववीत पांढऱ्या पेशींना शरीराचे सैनिक म्हटलं होतं. या सैनिकांना ब्रेकही असतात, आणि कर्करोग नेमका तोच ब्रेक दाबून धरतो. तो सोडवणारी औषधं २०११ पासून येत गेली : आधी इपिलिमुमॅब, मग पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब. हे ब्रेक उलगडणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये यकृत आणि मेंदूपर्यंत गेला होता. उपचारानंतर ते शंभरी पूर्ण करून गेले. एका मोठ्या चाचणीत दोन औषधं एकत्र घेतलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनीही हयात होते. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण सगळंच गोड नाही. तळपायाच्या आणि नखाच्या प्रकारावर ही औषधं तुलनेने कमी चालतात. सुटलेले सैनिक कधी आतड्यावर, कधी थायरॉइडवर उलटतात. खर्च लाखांत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोकं-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबच्या दहाव्या हिश्श्याहून कमी मात्रेचाही फायदा दिसला. मेलॅनोमाचं तसं अजून म्हणता येत नाही, पण आशा वाटते.

म्हणून लवकर सापडणं महत्त्वाचं. पातळ असतानाच कापून काढला तर बहुतेक जण बरे होतात. ठेचेचं साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, मागे स्वच्छ नख येतं. रेघ जागची हलत नसेल, रुंदावत असेल, किंवा तळपायाचं 'कुरूप' काळं पडून चिघळत असेल, तर घरी ब्लेड लावू नका. तुकडा तपासून घ्या. बायोप्सीने कर्करोग पसरतो, ही समजूत सोडा.

माझं भिंग पिशवीत आहे. जेवणं झाली की व्हरांड्यात बसतो, चपला काढून या. सर, तुमच्यापासून सुरुवात करू. मघाशी तुम्ही लंगडताना पाहिलं मी.